सत्तरीपुढचे रुग्ण, सरकारी आरोग्य विमा आणि डॉक्टरांचा मोबदला

प्रश्न विचारणारे गृहस्थ मूळचे गुहागर तालुक्यातले असून नोकरीनिमित्त मुंबईत राहतात. त्यांच्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या आई गावी एकट्या असतात. आईंचे आयुष्मान वय वंदना कार्ड निघाले आहे, पण जवळचे डॉक्टर तपासणीची फी रोख घेतात आणि इथे कार्ड चालत नाही असे सांगतात. पाच लाखांचे संरक्षण असूनही महिन्याच्या तपासणीचे आणि गोळ्यांचे पैसे खिशातून का जातात, दोष डॉक्टरांचा की योजनेचा, आणि वृद्धांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सरकारने मोबदला कोणत्या पद्धतीने द्यावा, असे त्यांनी विचारले आहे. मी कोकणात फिजिशियन म्हणून काम करतो, माझे बहुतेक रुग्ण साठीच्या पुढचे आहेत आणि योजनेतील रुग्णांवर उपचार करण्याचा मला अनुभव आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्या भागाचे उत्तर सरळ आहे. तुमच्या आईंच्या डॉक्टरांनी काही गैर केलेले नाही. प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाली तेव्हापासून ती रुग्णालयात दाखल होणाऱ्या रुग्णांसाठीच आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्नाची अट न ठेवता, तिच्यात घेतले गेले, आणि तुमच्या आईंचे वय वंदना कार्ड हे त्याचेच. आपल्या राज्यात २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, पहिल्या आठ जिल्ह्यांत रायगड होता, आणि आज तीच योजना महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने केंद्राच्या योजनेला जोडून चालते. दोन्हींचा पाया एकच आहे: मान्यताप्राप्त रुग्णालय, ठरलेला उपचार आणि त्या उपचाराची ठरलेली रक्कम, म्हणजे पॅकेज. दाखल होण्याआधीचे तीन दिवस आणि घरी गेल्यानंतरचे पंधरा दिवस केंद्राच्या योजनेत धरले जातात. त्याच्या अलीकडे आणि पलीकडे रुग्णाचे जे आयुष्य चालू असते त्याची दखल योजना घेत नाही, आणि वाडीतला एक खोलीचा दवाखाना तर तिच्या यादीत येऊच शकत नाही, कारण तिथे खाटा नाहीत.

दुसरी गोष्ट फारशी बोलली जात नाही. आपल्या योजनेत डॉक्टरांना पैसे मिळतच नाहीत, ते रुग्णालयाला मिळतात. खाट, औषधे, तपासण्या, भूल, शस्त्रक्रिया, जेवण आणि डॉक्टरांची फी हे सगळे एका रकमेत बसवलेले असते, आणि त्यातून कोणाला किती द्यायचे ते रुग्णालय ठरवते. मोठ्या शहरातील ट्रस्टच्या रुग्णालयात पगारी डॉक्टर असतात, तिथे हे निभावते. तालुक्याच्या गावातील वीस-तीस खाटांच्या रुग्णालयात मात्र भूलतज्ज्ञ बाहेरून येतात, अस्थिरोगतज्ज्ञ आठवड्यातून ठरावीक दिवशी येतात, फिजिशियनला फोन करून बोलावले जाते. इम्प्लांट आणि औषधांचा खर्च वजा झाल्यावर उरलेल्या रकमेचे इतके वाटे होतात की ज्याचे काम सर्वांत जास्त वेळ चालते त्याच्या वाट्याला सर्वांत कमी येते. वृद्ध रुग्णाच्या बाबतीत तो माणूस बहुतेक वेळा फिजिशियन असतो.

हे एका उदाहरणाने सांगतो. पावसाळ्यात अंगणातल्या शेवाळावर पाय घसरून खुब्याचे हाड मोडलेली सत्तरीपुढची बाई आमच्याकडे येते, तेव्हा तिच्या पिशवीतल्या गोळ्या मी आधी टेबलावर ओतून घेतो. अशा एका पिशवीत रक्तदाबाची ॲम्लोडिपिन होती. त्या गोळीने काही जणांचे पाय सुजतात, तसे या बाईंचेही सुजले होते. ती सूज दुसऱ्या दवाखान्यात दाखवल्यावर लघवी वाढवणारी गोळी सुरू झाली. तिसऱ्याने कोणी तरी ‘बीपी आहे, मीठ बंद करा’ असे बजावले, म्हणून सुनेने पेजेतले मीठही काढून टाकले. गणपतीला आलेल्या मुलाने मुंबईहून मधुमेहाच्या गोळ्यांचा डबा आणला होता. आत औषध तेच, नाव कंपनीचे वेगळे, त्यामुळे गावची गोळी आणि मुंबईची गोळी अशा दोन्ही चालू होत्या. रक्तातले सोडियम उतरलेले, साखर अधूनमधून खाली जाणारी, आठवडाभर भ्रमल्यासारखे बोलणे, आणि एका पहाटे पडवीतून उतरताना पडणे. घरच्यांनी दोष शेवाळाला दिला.

योजनेने या बाईंच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेचे पैसे दिले, ते योग्यच झाले. शस्त्रक्रियेपूर्वी सोडियम हळूहळू वर आणणे, नंतर साखर, छाती, लघवी आणि भ्रम सांभाळणे हे काही दिवसांचे काम त्याच पॅकेजमध्ये जिरले, कारण शस्त्रक्रियेचे पॅकेज लावले की औषधोपचाराचे पॅकेज साधारणपणे सोबत लावता येत नाही. दोन शस्त्रक्रिया एकत्र झाल्या तर पहिलीचे पूर्ण, दुसरीचे निम्मे आणि तिसरीचे पाव असा नियम आहे. पण एका देहात मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार आणि हृदयविकार एकत्र नांदत असतील तर त्यासाठी असा नियम नाही. पन्नाशीच्या धडधाकट माणसाचा खुबा आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजारी बाईचा खुबा दरपत्रकात एकाच किमतीचा ठरतो. आणि जी वीस-पंचवीस मिनिटे कोणी चार महिन्यांपूर्वी त्या पिशवीवर घालवली असती तर बाई पडण्याचा धोका बराच कमी झाला असता, त्या मिनिटांना दरपत्रकात जागाच नाही. माझे सगळे म्हणणे या एका मुद्द्याभोवती आहे: वृद्धांच्या उपचारात सर्वांत मोलाचे काम देखरेखीचे आहे आणि सरकारी विमा नेमके तेवढेच सोडून बाकी सगळ्याचे पैसे देतो.

डायलिसिसचेही तेच. गुहागरच्या खाडीपट्ट्यातला माणूस आठवड्यातून दोन-तीनदा एसटीने चिपळूणला येतो, सुई टोचून घेतो आणि संध्याकाळी थकून परततो. योजना हा खर्च उचलते आणि त्यावर अनेक घरे उभी आहेत. पण त्याआधीची दहा वर्षे त्याचा रक्तदाब महिन्याच्या महिन्याला मोजणाऱ्या, गुडघेदुखीच्या गोळ्या परस्पर घेऊ नका म्हणून दटावणाऱ्या डॉक्टरला तीच योजना काही देत नाही.

मोबदल्याच्या पद्धतीचा परिणाम उपचारांवर होतो, हे मान्य करायला आपला व्यवसाय कचरतो. फक्त शस्त्रक्रियेसारख्या प्रक्रियांचे पैसे मिळत असतील तर अशा प्रक्रिया वाढतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातील एका गावात शिबिर घेऊन १९ जणांना अहमदाबादच्या एका खासगी रुग्णालयात नेण्यात आले, त्यांतील सात जणांची अँजिओप्लास्टी झाली आणि दोघे दगावले. हे सारे कार्डधारक होते. तिथे जे घडले तो फौजदारी तपासाचा विषय आहे आणि सर्व रुग्णालयांना त्याच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. तरीही जिथे तपासून, समजावून घरी पाठवण्याला शून्य आणि टेबलावर घेण्याला हजारो रुपये मिळतात, तिथे प्रामाणिक डॉक्टरलाही रोज प्रवाहाविरुद्ध पोहावे लागते.

कोकणात हा प्रश्न अधिक तीव्र का, हे लोकसंख्येत दिसते. २००१ ते २०११ या काळात राज्याची लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची घटली. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. मुलगे मुंबई-पुण्याला आणि गावी आई, असे घर आमच्याकडे नेहमीचे. वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या, रस्त्यापासून घरापर्यंत पाखाडी चढायची, पावसाळ्यात पऱ्या म्हणजे ओढा भरला की तेही बंद. अशा बाईला दवाखान्यात यायला अर्धा दिवस आणि सोबतीला एक माणूस लागतो. घरी जाऊन तपासणे हाच तिथे खरा उपचार असतो, आणि त्याचा मोबदला आज केवळ तिच्या पदरातून येऊ शकतो. सिंधुदुर्गातला गंभीर रुग्ण गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात किंवा घाट चढून कोल्हापूरला जातो आणि परत आल्यावर तिथल्या कागदांचा अर्थ लावून पुढचे औषध ठरवायचे काम पुन्हा गावच्या डॉक्टरवरच येते.

डॉक्टरच्या वेळेची किंमत या भूमीत कोणाला शिकवायला नको. महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन या स्वस्त गोळीचा उपयोग दाखवून दिला आणि मृत्यूचे प्रमाण विलक्षण खाली आणले. गोळी काही रुपयांची होती. रुग्णाच्या उशाशी बसून तासातासाला नाडी आणि रक्तदाब पाहण्याचे काम मोठे होते.

आता बदल कसा करावा हे पाहू. अनेक जण अमेरिकेतल्या मेडिकेअरचे उदाहरण देतात. ती पासष्ट वर्षांवरील नागरिकांची सरकारी विमा योजना १९६५ साली कायद्याने आली. तिच्यातली पहिली घेण्याजोगी गोष्ट ही की तिथे रुग्णालयाचे पैसे वेगळे आणि डॉक्टरांचे वेगळे असतात. १९९२ पासून डॉक्टरांचे दर हार्वर्डच्या विल्यम शियाओ यांच्या अभ्यासावर आधारलेल्या कोष्टकाने ठरतात. प्रत्येक कामाला किती वेळ, कौशल्य, बौद्धिक श्रम आणि ताण लागतो याचे गुण धरायचे आणि एका गुणाचे डॉलर ठरवायचे, अशी ती पद्धत आहे. विचार करून निर्णय घेण्याच्या कामाला शस्त्रक्रियेच्या तुलनेत न्याय मिळावा हा तिचा हेतू होता. तो पुरता साधला नाही, कारण गुण सुचवणाऱ्या समितीत विशेषज्ञांचे वजन जास्त राहिले. पण काम मोजून दर ठरवण्याची कल्पना योग्यच होती.

दुसरी गोष्ट मात्र टाळायची आहे. १९९७ च्या कायद्याने तिथे डॉक्टरांवरचा एकूण खर्च देशाच्या आर्थिक वाढीशी बांधला गेला. खर्च मर्यादेबाहेर गेला की पुढच्या वर्षी सगळ्यांचे दर आपोआप कापले जायचे. २००२ मध्ये ४.८ टक्के कपात झाली. त्यानंतर दरवर्षी ठरलेली कपात लागू होऊ नये म्हणून संसदेने सतरा वेळा तात्पुरती ठिगळे लावली, कापायची रक्कम साठत गेली आणि शेवटी वीस टक्क्यांहून मोठी कपात समोर उभी राहिली तेव्हा एप्रिल २०१५ मध्ये तो नियमच रद्द करावा लागला. दोष सूत्राच्या रचनेत होता. एका डॉक्टरने संयम पाळला तरी त्याचा दर बाकीच्यांच्या कामामुळे कापला जाणार, म्हणून संयम पाळण्याचे कोणालाच कारण उरले नाही. २००१ मध्ये त्या कोष्टकातील एका गुणाचे ३८.२६ डॉलर मिळत होते, २०२५ मध्ये ३२.३५ मिळाले, महागाई धरली तर घट फार मोठी आहे. आपल्याकडे असे सूत्र नाही, पण दर वर्षानुवर्षे न बदलता ठेवणे हे त्याचेच दुसरे रूप आहे. पॅकेजचे दर समितीच्या सवडीने नव्हे तर दरवर्षी एप्रिलमध्ये महागाईच्या निर्देशांकानुसार आपोआप सुधारावेत, एवढी एक तरतूद झाली तरी छोटी रुग्णालये योजनेत टिकतील.

२०१५ च्या कायद्याने अमेरिकेत गुणवत्तेवर आधारित मोबदला आणला. डॉक्टरांनी ठरावीक निकषांची माहिती भरायची, गुण मिळवायचे आणि त्यानुसार दर वरखाली व्हायचा. कल्पना स्वच्छ वाटते. प्रत्यक्षात माहिती भरायला माणसे आणि संगणक प्रणाली ठेवू शकणाऱ्या मोठ्या संस्थांना ते सोपे गेले आणि एकट्या डॉक्टरला जड. कमी रुग्णसंख्येच्या दवाखान्यांना त्यातून सूट द्यावी लागली. आमच्याकडे दुपारी वीज गेली की तास-दोन तास येत नाही आणि पावसात नेटवर्क नसते. तिथे वीस रकान्यांचा मासिक अर्ज म्हणजे योजना कागदावर ठेवण्याचा हमखास मार्ग आहे.

अमेरिकेकडून तिसरी आणि माझ्या मते सर्वांत उपयोगी गोष्ट लहानशी आहे. जानेवारी २०१५ पासून तिथे दोन किंवा अधिक जुनाट आजार असलेल्या रुग्णाची महिन्यातून किमान वीस मिनिटे देखरेख केली, म्हणजे औषधे तपासणे, फोनवर चौकशी, इतर डॉक्टरांशी समन्वय, तर दरमहा सुमारे चाळीस डॉलर मिळू लागले, रुग्ण समोर आलेला नसला तरी. तिचा प्रसार मात्र मंद राहिला, कारण त्या रकमेचा पाचवा हिस्सा रुग्णाने द्यायचा होता आणि मला न तपासता पैसे कसले, असे वृद्धांना वाटे. म्हणून आपल्याकडे हे आणायचे तर रुग्णाचा वाटा शून्य असावा.

मला स्वतःला कोकणासाठी जी पद्धत योग्य वाटते ती परदेशी नाहीच. गिरणगावात नोकरी केलेल्या आमच्याकडच्या जुन्या माणसांना ईएसआयचे, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेचे, पॅनेल डॉक्टर आठवत असतील. कामगाराने आपल्या भागातील एका खासगी डॉक्टरच्या यादीत नाव नोंदवायचे आणि डॉक्टरला प्रत्येक नावामागे वर्षाची ठरावीक रक्कम मिळायची, आजारी पडो वा न पडो. थायलंडनेही २००२ साली सर्वांसाठी आरोग्य योजना आणताना बाह्यरुग्ण सेवेसाठी हीच दरमाणशी रक्कम स्वीकारली. सत्तरीपुढच्या प्रत्येकाने आपला एक डॉक्टर निवडावा, सरकारने त्या डॉक्टरला दरमाणशी रक्कम द्यावी, आणि ती रक्कम वय व आजार पाहून कमीजास्त असावी. हे शेवटचे फार महत्त्वाचे आहे. सपाट रक्कम दिली तर निरोगी म्हातारे सगळ्यांना हवे असतील आणि अंथरुणाला खिळलेली आजी कोणालाच नको असेल. इंग्लंडमध्ये २००४ पासून फॅमिली डॉक्टरांच्या रकमेला वय, लिंग आणि आजारपणाचे वजन देतात ते याच कारणाने.

दरमाणशी रकमेचा धोकाही सांगतो, कारण तो खरा आहे. नावे नोंदवून घ्यायची आणि बघायचे नाही, असे ईएसआयच्या काळातही काही ठिकाणी झाले. त्यावर उपाय म्हणजे घरभेटीचा मोबदला यादीच्या रकमेपेक्षा वेगळा, प्रत्येक भेटीमागे आणि अंतराप्रमाणे द्यावा, भेट झाल्याची खूण आशाताईंनी करावी, आणि दर एप्रिलमध्ये डॉक्टर बदलण्याचा अधिकार रुग्णाला असावा. निकष दोन-तीनच ठेवावेत. वर्षातून दोनदा गोळ्यांची पूर्ण पिशवी तपासली का, रक्तदाब आणि साखर नोंदवली का, आणि रुग्णालयातून घरी आलेल्या रुग्णाला आठवड्याच्या आत पाहिले का, एवढे पुरे.

यादीत कोण डॉक्टर घ्यायचे, हा नाजूक प्रश्न आहे. कोकणातल्या खेड्यांत दवाखाना चालवणारे बहुतेक जण आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचे पदवीधर आहेत, आणि त्यांना वगळले तर यादी कागदावरच राहील. त्यांना नोंदणी, मोजमाप, घरभेट आणि पाठपुरावा यांचा मोबदला द्यावा, आणि औषधबदलाचा निर्णय तालुक्यातील एका ठरलेल्या फिजिशियनने फोनवर किंवा ई-संजीवनी या सरकारी दूरसल्ला सेवेवर करावा, त्याचा वेगळा मोबदला त्याला मिळावा. माझ्या व्यवसायबंधूंपैकी अनेकांना हे पटत नाही, पण वाडीवर संध्याकाळी उपलब्ध असणारा माणूस कोण, याकडे डोळेझाक करून योजना आखता येत नाही.

खर्चाचा हिशेब टाळता येणार नाही. सत्तरीपुढच्या विस्ताराचा लाभ सुमारे सहा कोटी लोकांना होईल असे केंद्राने सांगितले. समजा माणशी महिना शंभर रुपये धरले, तर वर्षाला ७,२०० कोटी होतात. जन आरोग्य योजनेची २०२५-२६ ची संपूर्ण केंद्रीय तरतूद ९,४०६ कोटी होती. म्हणजे एका दमात हे सर्वांसाठी होणार नाही, आणि होईल असे सांगणारा फसवतो आहे. सुरुवात दोन किंवा अधिक जुनाट आजार असलेल्या, सत्तरीपुढच्या, एकट्या किंवा वृद्ध जोडीदारासह राहणाऱ्या लोकांपासून करावी, आणि त्यासाठी रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग यांच्याइतके योग्य जिल्हे राज्यात नाहीत. चारशे नावांच्या यादीवर डॉक्टरला याच हिशेबाने महिन्याला चाळीस हजार मिळतील. तालुक्याच्या गावात एक परिचारिका ठेवून दवाखाना चालवायला तेवढा आधार पुरेसा आहे.

आणि पैसे वेळेवर यावेत. राज्यांतर्गत दावा पंधरा दिवसांत निकाली काढावा असे केंद्राच्या योजनेत ठरलेले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये हरियाणातील शेकडो खासगी रुग्णालयांनी थकबाकीवरून योजनेतली सेवा थांबवली होती. मोठे रुग्णालय सहा महिन्यांची थकबाकी सोसते. छोटे रुग्णालय औषध दुकानदाराची उधारी चुकवू शकत नाही आणि मुकाट्याने योजनेतून बाहेर पडते. दर कितीही चांगला ठरवला तरी तो हातात केव्हा पडतो यावर डॉक्टरचा निर्णय ठरतो.

हे सगळे होईल तेव्हा होईल. तुमच्या आईंसाठी आज करण्यासारखे सांगतो. कार्ड जपून ठेवा आणि त्याची एक प्रत शेजाऱ्यांकडे द्या. दाखल करायची वेळ आली तर त्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, आधी भेटा आणि आजार कोणत्या पॅकेजमध्ये बसतो ते विचारा. अडचण आल्यास केंद्राच्या योजनेसाठी १४५५५ आणि राज्याच्या योजनेसाठी १५५३८८ हे क्रमांक आहेत. गावचे डॉक्टर रोख घेतात ती फी त्यांच्या हक्काची आहे, ती घासाघीस न करता द्या आणि त्याबदल्यात एक गोष्ट मागा: दर तीन महिन्यांनी आईंच्या सर्व गोळ्या, मुंबईहून तुम्ही पाठवलेल्यांसह, एका बैठकीत तपासून एका कागदावर लिहून द्याव्यात. तो कागद फ्रिजवर चिकटवा, फोटो तुमच्या फोनमध्ये ठेवा, आणि त्या कागदावर नसलेली गोळी घरात येऊ देऊ नका.